‘बाक्काला’ : एका खारवलेल्या माशाच्या नांवाची हकीकत

शब्दांची व्युत्पत्ति शोधण्याचा छंद फार मोहक आहे, आणि म्हणूनच तो थोडा धोक्याचाहि आहे. वर्गांत एखादा नवा शब्द निघाला कीं ‘ह्याचें मूळ काय?’ असा प्रश्न हुशार विद्यार्थी हटकून विचारतो. आणि मूळ कळलें कीं त्याला वाटतें, आतां ह्या शब्दाविषयीं जाणण्याजोगें दुसरें कांहीं उरलें नाहीं. घरींहि तोच प्रकार. ‘पगार’ म्हणूं नकोस, तो परका शब्द आहे, ‘वेतन’ म्हण, असें मुलांस बजावणारे पालक कांहीं थोडे नाहींत. मूळ परकें तर शब्दहि परका, मुळांत जो अर्थ होता तोच खरा अर्थ, आणि त्याहून निराळा अर्थ करणारा मनुष्य अडाणी, अशी ही विचारसरणी आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ती कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठीं आम्ही मुद्दामच एक दूरचा शब्द घेतला आहे. कारण घरच्या शब्दांविषयीं बोलूं लागलें कीं अभिमान आड येतो आणि पुरावा मागें पडतो.

हा शब्द इटालियन भाषेंतील ‘बाक्काला’. उच्चार करतांना शेवटच्या ‘ला’वर आघात द्यावयाचा. कोशांत त्याचा अर्थ ‘खारवून टिकविलेला कॉड मासा’ असा दिलेला आढळतो. कॉड म्हटलें म्हणजे आपल्याकडील पुष्कळ वाचकांना त्याच्या यकृताचें तें पिवळें तेल आठवेल, जें चमच्यानें पाजतांना मुलें नाक दाबून धरीत. ह्या शब्दासंबंधीं पहिलीच नवलाची गोष्ट अशी कीं, इटलीच्या तिन्ही बाजूंस जो समुद्र आहे त्यांत हा मासा मुळींच नाहीं. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यांतला. नॉर्वे, आइसलंड आणि न्यूफाउंडलंड हीं त्याचीं माहेरघरें. तरीहि रोम, नेपल्स, व्हेनिस, लिव्हॉर्नो ह्या शहरांतील स्वयंपाकघरांत शेंकडों वर्षें तो घरचा झालेला आहे. जो मासा आपल्या पाण्यांत नाहीं त्याला नांव कोठून आणावयाचें? जेथून माल आला तेथून नांवहि आलें, हें उघड आहे. पण माल एका वाटेनें आला नाहीं, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

आधीं माल पाहूं. कॉडच्या मांसांत चरबी फारच थोडी असते. त्याचें सारें तेल यकृतांत सांठलेलें असतें. ज्या माशाच्या अंगांत चरबी अधिक, तो वाळविला तर लवकर खवट होतो. कॉडचें तसें होत नाहीं, आणि म्हणून तो टिकविण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धति पडल्या. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोटेन नांवाचीं बेटें आहेत. तेथें हिंवाळ्याच्या अखेरीस हा मासा अंडीं घालण्यासाठीं झुंडीनें येतो. कोळी लोक त्याचें डोकें आणि आंतडीं काढून दोन-दोन मासे शेपटाशीं बांधतात आणि मोठमोठ्या लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बोंबलांचीं तोरणें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना हें चित्र सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. फरक एवढाच कीं तेथें ऊन कोंवळें आणि वारा बोंचरा. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत हवा गोठणबिंदूच्या आसपास असते, त्यामुळें मासा धड कुजत नाहीं, धड गोठून फुटत नाहीं. हळूहळू त्याचें पाणी उडून जातें आणि सुमारें पांच भाग वजनाचा एक भाग उरतो. ह्यांत मिठाचा एक कणहि पडत नाहीं. मीठ करावयास लागणारें कडक ऊन त्या प्रदेशांत नाहीं, आणि त्या थंड वाऱ्यापुढें मिठाची गरजहि नाहीं. तयार झालेला मासा लांकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षें टिकतो. ह्या बिनमिठाच्या माशाला इटालियन भाषेंत ‘स्तोक्काफिस्सो’ म्हणतात. हा शब्द जुन्या डच भाषेंतून आला असून त्याचा अर्थ ‘काठीमासा’ असा होतो. काठ्यांवर वाळतो म्हणून, कीं काठीसारखा कडक होतो म्हणून, ह्यावर पंडितांचा वाद आहे.

दुसरी पद्धति खारविण्याची. फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल ह्या देशांना ऊन भरपूर, त्यामुळें मिठागरेंहि भरपूर. त्यांचे कोळी सोळाव्या शतकांत अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जाऊं लागले तेव्हां जहाजांत मीठ भरून नेत आणि खारवलेला कॉड भरून आणीत. हा मासा मऊ, पांढुरका, मिठाच्या पापुद्र्यानें माखलेला असतो. हाच खरा ‘बाक्काला’, असें कोश म्हणतो. मासा एकच, पण एक वाऱ्याचा आणि एक मिठाचा. एक उत्तरेकडून आलेला आणि एक पश्चिमेकडून. नांवेंहि अर्थात् दोन. येथपर्यंत सर्व कांहीं स्वच्छ आहे.

आतां व्हेनिसकडे वळूं. १४३१ सालीं पिएत्रो क्वेरीनी नांवाचा व्हेनिसचा एक सरदार-व्यापारी क्रीट बेटावरून माल्व्हाझिया नांवाचें मद्य व मसाले घेऊन फ्लँडर्सकडे निघाला. जहाजावर ६८ माणसें होतीं. वादळानें जहाज भरकटलें, सुकाणूं मोडलें, अखेर जहाज सोडून माणसें लहान होड्यांत उतरलीं, आणि त्यांतील बहुतेक थंडीनें व भुकेनें मेलीं. १४३२ च्या जानेवारींत उरलेली मूठभर माणसें लोफोटेनच्या टोंकाला असलेल्या रोस्ट ह्या बेटांच्या समूहावर येऊन लागलीं. तेथील कोळ्यांनीं ह्या परमुलुखांतल्या, परभाषेंतल्या माणसांना आपल्या घरांत घेतलें आणि वसंतऋतु येईपर्यंत पोसलें. क्वेरीनीनें परत आल्यावर आपल्या प्रवासाची जी हकीकत लिहिली ती पुढें रामुझिओच्या प्रसिद्ध प्रवासवर्णनसंग्रहांत छापली गेली. तींत तो सांगतो कीं, हे लोक असंख्य मासे पकडतात, ते मीठ न घालतां वाऱ्या-उन्हांत वाळवितात, आणि खातेवेळीं कुऱ्हाडीच्या तुंब्यानें ठोकून ठोकून त्यांचे धागे करतात. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हें कीं, क्वेरीनीनें ह्या माशाला ‘बाक्काला’ म्हटलेलें नाहीं. त्यानें तेथें जें नांव लिहून ठेवलें तें ‘स्टॉकफिश’चेंच एक रूप आहे.

आणि आज? आज त्याच व्हेनिसमध्यें, आणि जवळच्या विचेन्झा शहरांत, ह्याच बिनमिठाच्या माशाला सगळे ‘बाकाला’ म्हणतात. व्हेनिसचा ‘बाक्काला मान्तेकातो’ म्हणजे शिजविलेला काठीमासा ऑलिव्हच्या तेलांत घोटून घोटून लोण्यासारखा केलेला. विचेन्झाचा ‘बाकाला’ म्हणजे तोच मासा प्रथम ठोकावयाचा, दोन-तीन दिवस पाणी बदलीत भिजवावयाचा, आणि मग कांदा, दूध, तेल व चीज घालून मंद आंचेवर चार-साडेचार तास, न ढवळतां, शिजूं द्यावयाचा. दोहोंतहि खारवलेल्या माशाचा तुकडासुद्धां नसतो. कोश उघडून बसलेला रोमकर हें पाहून हंसेल आणि म्हणेल, ‘ह्या लोकांना साधा बाक्काला आणि स्तोक्काफिस्सो ह्यांतला भेद कळत नाहीं.’ ह्या हंसणाऱ्या माणसाकडे आम्ही पुढें पुन्हां वळणार आहों. तूर्त शब्दाच्या मुळाकडे जाऊं.

ह्या मुळाविषयीं जितके देश तितके दावे आहेत. पहिला दावा अमेरिकेचा. १४९७ सालीं जॉन कॅबट, म्हणजे इटालियन रूपांत जोव्हान्नी काबोतो, व्हेनिसचें नागरिकत्व असलेला हा खलाशी, इंग्लंडच्या राजाच्या परवानगीनें ब्रिस्टलहून पश्चिमेस निघाला आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनमधील मिलानच्या वकिलानें आपल्या ड्यूकला कळविलें कीं, तेथील समुद्र माशांनीं इतका भरला आहे कीं टोपलीला दगड बांधून खालीं सोडली तरी ती भरून वर येते. पुढें स्पेनच्या दरबारीं असलेल्या पिएत्रो मार्तिरे ह्या इटालियन पंडितानें १५१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें लिहिलें कीं, कॅबटचा मुलगा सेबास्तियन ह्यानें त्या भूमीला ‘बाक्कालाओस’ असें नांव दिलें, कारण तेथील रहिवासी त्या माशांना त्याच नांवानें ओळखीत. गोष्ट मोठी गोड आहे. नव्या जगांतला मासा, नव्या जगांतलेंच नांव! न्यूफाउंडलंडजवळच्या एका बेटाचें ‘बॅकल्यू’ हें नांव तर आजहि नकाशावर आहे. परंतु ह्या गोष्टीचा पाया कसा ढांसळतो तें पुढें दिसेल.

दुसरा दावा बास्क लोकांचा. स्पेन आणि फ्रान्स ह्यांच्या सीमेवर राहणारे हे लोक पट्टीचे दर्यावर्दी. त्यांच्या भाषेंत ह्या माशाला ‘बाकाइलाओ’ म्हणतात. कोलंबसाच्या आधींच बास्क लोक अमेरिकेच्या किनाऱ्यावर गुपचूप मासेमारी करीत होते, आणि शब्दहि त्यांचाच, अशी एक आवडती समजूत आहे. सोळाव्या शतकांत बास्क लोक तेथें होते ह्याला कागदोपत्रीं व जमिनींत सांपडलेल्या अवशेषांचा भक्कम पुरावा आहे. कोलंबसाच्या आधींच्या सफरींना तसा पुरावा सांपडलेला नाहीं. आणि बास्क भाषेंतला शब्द हा शेजारच्या भाषांतून तीत आलेला असणेंच अधिक संभवनीय दिसतें.

तिसरा दावा लॅटिनचा. लॅटिनमध्यें ‘बाकुलुम्’ म्हणजे काठी. काठीमासा, म्हणून बाकालाओ! शाळेंत थोडेंसें लॅटिन शिकलेल्या मनुष्याला ही व्युत्पत्ति फार पटते. पण ध्वनि कसे बदलतात ह्याचे कांहीं नियम आहेत. ‘बाकुलुम्’ हा शब्द लोकांच्या तोंडीं रुळत रुळत इटालियन भाषेंत उतरला तेव्हां त्याचा ‘बाक्किओ’ झाला, आणि ऑलिव्ह झोडपावयाच्या काठीला तेथें तोच शब्द आहे. एकाच शब्दानें एका वाटेनें ‘बाक्किओ’ व्हावें आणि दुसऱ्या वाटेनें शेवटीं आघात घेऊन ‘बाक्काला’ व्हावें, ह्याला कारण दाखविलें पाहिजे. तें कोणी दाखवीत नाहीं. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्यावरच समाधान मानलें जातें.

चौथा दावा दिसावयास सर्वांत नीरस, पण आमच्या मतें सर्वांत सबळ आहे. डच भाषेंत कॉडला ‘काबेल्याउ’ म्हणतात. ह्या शब्दाचें लॅटिन वेषांतर केलेलें रूप ११६३ सालच्या फ्लँडर्समधील एका लेखांत सांपडतें. म्हणजे कॅबट अमेरिकेस पोहोंचण्याच्या तीनशें चौतीस वर्षें आधीं! ‘काबेल्याउ’ आणि ‘बाकालाओ’ हे शब्द शेजारीं शेजारीं मांडून पाहा. ‘क’ आणि ‘ब’ ह्यांनीं जागांची अदलाबदल केली कीं एकाचें दुसरें होतें. हा वर्णविपर्यय मराठीला मुळींच अपरिचित नाहीं. ‘नुकसान’चें ‘नुसकान’, ‘मतलब’चें ‘मतबल’, ‘लखनौ’चें ‘नखलौ’ आपण रोज ऐकतों. बंदरांत तर असें होणारच. तेथें शब्द शिकतो तो कानानें, आणि शिकविणाराहि व्याकरणशास्त्री नसतो. हा विपर्यय नेमका कोणत्या किनाऱ्यावर झाला ह्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण जो शब्द युरोपांत बाराव्या शतकांत लिहिला गेला त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत जन्म घेतां येत नाहीं, एवढें निश्चित. स्पॅनिश भाषेंत तो ‘बाकालाओ’ झाला, पोर्तुगीजांत ‘बाकाल्याउ’. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत नेपल्सवर व मिलानवर स्पेनच्या राजांचा अंमल होता; इटालियन कोशकार आपला ‘बाक्काला’ स्पॅनिश शब्दावरून आलेला सांगतात, आणि तें सर्वथैव सयुक्तिक आहे.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तोच डच शब्द फ्रेंच भाषेंत ‘काबियो’ होऊन गेला आणि आजच्या फ्रेंच बाजारांत त्याचा अर्थ ‘ताजा कॉड’ असा आहे; खारवलेल्याला तेथें ‘मोर्यू’ म्हणतात. म्हणजे एकाच कुळांतला शब्द पॅरिसमध्यें ताजा आणि नेपल्समध्यें खारा! शिवाय दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाममध्यें डच बोलणारे लोक खाऱ्या माशाला ‘बाक्केल्याउ’ म्हणतात. शब्द आपल्या मूळ भाषेंतच उलटा होऊन, मीठ लावून, परत आला. ग्रीक लोकांनीं तो ‘बाकाल्यारोस’ असा केला, आणि २५ मार्चच्या सणाला लसणीच्या चटणीबरोबर हा मासा तेथें घरोघर होतो. आपल्या शेजारीं, गोव्यांत, १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्याबरोबर ‘बाकाल्याउ’ तेथेंहि पोहोंचला, जरी बांगडा आणि इसवण दाराशीं मिळणाऱ्या त्या प्रांतांत तो पाहुणाच राहिला.

पुराव्याची तारीख पाहावी, गोडी पाहूं नये, हा धडा आपल्या मुंबईच्या एका माशालाहि लागू पडतो. सुक्या बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. त्याचें कारण असें सांगतात कीं, सुके बोंबील टपालाच्या आगगाडीनें जात, त्या गाडीला ‘बॉम्बे डाक’ म्हणत, आणि त्या वासाच्या डाकेवरून माशाला ‘डक’ म्हणूं लागले. कथा खमंग आहे, आणि शिकलेल्या लोकांच्याहि तोंडीं ती आढळते. परंतु मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धांवली ती १८५३ सालीं. आणि ‘बॉम्बे डक’ हें नांव त्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनांतच आलेलें आहे. गाडीच्या आधींच गाडीवरून नांव पडलें कसें, हा प्रश्न कथा सांगणाऱ्याला सुचतच नाहीं. विद्यार्थ्यांनीं हा एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घेतली तर निम्म्या व्युत्पत्ति जागच्या जागीं गळून पडतील.

असो. आतां विचेन्झाकरांना हंसणाऱ्या त्या गृहस्थाकडे वळूं. त्याचें म्हणणें काय? ‘बाक्काला’चा मूळ अर्थ खारा मासा, म्हणून बिनमिठाच्या माशाला तें नांव देणें चूक. पण मूळ म्हणजे किती मागचें मूळ? फ्लँडर्सपर्यंत मागें गेलें तर त्या शब्दांत मिठाचा मागमूसहि नाहीं; तेथें त्याचा अर्थ केवळ ‘तो मासा’ एवढाच आहे. मग नेपल्सकरांनीं त्यांत मीठ घातलें हीच चूक म्हणावी लागेल, आणि विचेन्झाकरच मुळाच्या अधिक जवळ ठरतील! मुळाचा आधार घेऊन दुसऱ्याला अडाणी ठरविणारा मनुष्य बहुधा स्वतःला सोयीच्या पायरीवर थांबतो. विचेन्झांत कोणाचाहि गोंधळ होत नाहीं. दुकानदाराला समजतें, गिऱ्हाइकाला समजतें, आणि ताटांत तोच पदार्थ येतो. आन्कोना व जेनोव्हा ह्या शहरांत ‘स्तोक्काफिस्सो’ हें नांव टिकलें, मेस्सिनांत तें ‘पेशेस्तोक्को’ झालें, आणि व्हेनिसच्या प्रदेशांत ‘बाकाला’नें त्याची जागा घेतली. विचेन्झाजवळच्या सान्द्रिगो गांवीं १९८७ सालीं ह्या पदार्थाच्या अभिमान्यांनीं एक मंडळच स्थापन केलें. त्याच्या नांवांत ‘बाकाला’ हा शब्द स्थानिक उच्चाराप्रमाणें एकाच ‘क’नें लिहिलेला आहे; राष्ट्रीय कोशांतला दुसरा ‘क’ त्यांनीं घेतला नाहीं. आम्हांला हा एक गाळलेला ‘क’ फार आवडतो. आमच्या शब्दाचें रूप आणि अर्थ आम्ही ठरवूं, असें त्यांतून ते सांगतात, आणि तें सांगण्याचा त्यांना अधिकार आहे.

परंतु शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवितात असें म्हटल्यावर, ते कित्येकदां निष्ठुरपणें ठरवितात हेंहि सांगितलें पाहिजे. इटालियन भाषेंत एखाद्या माणसाला ‘बाक्काला’ म्हटलें तर त्याचा अर्थ ठोंब्या, मंदबुद्धि, गोंधळून निमूट उभा राहणारा. ‘बाक्कालासारखा वाळलेला’ म्हणजे नुसता हाडांचा सांपळा. कां बरें? मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारीं, उपवासाच्या दिवसांत आणि नाताळच्या आदल्या रात्रीं ज्या माशानें समुद्रापासून दूरच्या डोंगरी खेड्यांनाहि जेवूं घातलें, त्याच्या नांवाची शिवी व्हावी? कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. तो स्वस्त होता. आणि स्वस्त वस्तूचें नांव माणसाला चिकटवून त्याला हलका ठरविणें ही सगळ्या भाषांची खोड आहे. पोर्तुगीजांनीं ह्याच माशाला ‘विश्वासू मित्र’ असें लाडकें नांव दिलें खरें. पण त्यांच्याच भाषेंत ‘ज्याच्यासाठीं आहे त्याला बाकाल्याउ पुरे’ असेंहि म्हणतात, म्हणजे माणूस हलका, त्याला हलकेंच पुष्कळ. स्पॅनिश भाषेंत ‘कॉड कापणारा’ म्हणजे घरांत किंवा कचेरींत ज्याचा शब्द चालतो तो. वाटा किती मोठा द्यावयाचा हें त्याच्या सुरीवर.

आणि ह्याहून काळा अर्थ ब्राझीलमध्यें आहे. तेथें गुलामांना फटके मारण्याचा कच्च्या कातड्याचा पिळलेला एक चाबूक असे, त्याला ‘बाकाल्याउ’ म्हणत. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८८८ सालीं. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा जो कॉड युरोपांत विकण्याच्या लायकीचा नसे, मोडका, नीट न खारवलेला, तो वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांवर गुलामांना खाऊं घालण्यासाठीं पाठवीत. एका टोंकाला ख्रिसमसचें ताट, दुसऱ्या टोंकाला मळ्यावरचें शिधावाटप, आणि मधल्या एका देशांत चाबकाचें नांव. हें सारें एकाच शब्दाच्या गोतावळ्यांत आहे. केवळ मूळ धातु पाहून समाधान मानणाराच्या दृष्टीस ह्यांतलें कांहीं एक पडणार नाहीं.

ह्या निमित्तानें पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. किनाऱ्यालगतच्या गांवांतून शाळेंत येणारा मुलगा डब्यांत सुकट किंवा सोडे असले कीं तो डबा कोपऱ्यांत जाऊन उघडतो, असें आम्हीं पाहिलें आहे. वास येतो म्हणून शेजारचा हंसतो. वास येतोच, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण हंसणाऱ्याला वासाचें हंसूं येत नसतें, गरिबीचें येत असतें. पावसाळ्यांत दर्या बंद असतो तेव्हां कोळीवाड्यांना आणि घाटावरच्या कित्येक घरांना ह्या सुक्या माशानेंच तारलेलें आहे. ह्या हंसण्याला घरांतून खतपाणी मिळतें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आतां आरंभींच्या ‘पगारा’कडे येऊं. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला हें खरें. ‘चावी’, ‘बादली’, ‘बटाटा’, ‘पाव’, ‘घमेलें’ हेहि तेथलेच. आणि ‘तुरुंग’ शब्दाचें मूळ पोर्तुगीजांत झाडाचें खोड, तसेंच कैद्याला अडकविण्याचा खोडा, अशा अर्थाचें आहे. ‘तुरुंग’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें झाड येतें काय? भिंत आणि गज येतात. मग तो शब्द पोर्तुगीज राहिला कोठें? ‘वेतन’ हा शब्दहि चांगला आहे. सरकारी पत्रांत आणि निबंधांत तो शोभतो. पण महिन्याच्या एक तारखेला कामगार ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’च, आणि निबंधाच्या वहींत तो शब्द आढळला म्हणून त्याखालीं लाल रेघ ओढणें आम्हांला न्यायाचें वाटत नाहीं. ‘तो शब्द येथें ऐकणाऱ्याला नीट समजतो काय आणि प्रसंगाला साजतो काय’ हे दोन प्रश्न विचारून रेघ ओढावयाची तर खुशाल ओढावी. जन्मस्थान विचारून ओढूं नये. इटालियन माणसाच्या स्वयंपाकघरांतून सगळे परके शब्द हांकलले तर त्याचें नाताळचें ताट रिकामें राहील. आपल्या घरांतून हांकलले तर कुलूप उघडावयास चावी मिळावयाची नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, मग व्युत्पत्तीचा अभ्यास कशासाठीं करावयाचा? त्याचें उत्तर क्वेरीनीच्या गोष्टींत आहे. व्हेनिसकर आज ज्याला ‘बाकाला’ म्हणतो त्याला १४३२ सालीं निराळें नांव होतें, हें कळल्यामुळें मधल्या काळांत काय घडलें असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नामागें जातां जातां बर्गेनच्या बंदरांतले जर्मन व्यापारी, फ्लँडर्सचे बाजार, स्पेनचे राजे, न्यूफाउंडलंडचें धुकें हें सगळें एकेक करून भेटतें. १९९२ सालीं कॅनडा सरकारला त्याच न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉडची मासेमारी बंद करावी लागली, कारण पांच शतकें उपसल्यावर, आणि शेवटचीं कांहीं दशकें यंत्रांच्या मोठ्या जहाजांनीं ओरबाडल्यावर, टोपलींत भरून येणारा तो मासा जवळजवळ संपला होता. सुमारें तीस हजार माणसांचा रोजगार एका हुकुमासरशीं गेला, आणि ती बंदी उठविल्याचें जाहीर व्हावयास २०२४ साल उजाडलें. एका शब्दामागून चालतां चालतां येवढा मुलूख पाहावयास मिळत असेल तर व्युत्पत्ति अवश्य शिकावी. तिच्याकडून इतिहास मागावा. निकाल मागूं नये.

म्हणून ह्या विभागाच्या विद्यार्थी वाचकांना एक सूचना. पुढील अंकासाठीं आपापल्या घरांतून सुक्या आणि खाऱ्या माशांचीं नांवें गोळा करून आणावीं. सुकट, जवळा, सोडे, वाकट्या, खारे बांगडे, बोंबील हीं आम्हांला ठाऊक आहेत. पण आणखी कितीतरी असतील. प्रत्येक नांवापुढें तें कोणी सांगितलें, आजीनें कीं मावशीनें कीं बाजारांतल्या कोळिणीनें, तिचें गांव कोणतें, आणि तिच्या गांवीं त्या नांवानें नेमका कोणता मासा ओळखतात, एवढें लिहावें. एकाच नांवाचे दोन गांवीं दोन अर्थ निघाले तर कोणताहि खोडूं नये. दोन्हीं लिहून आणावे.